पहिला घास
“मोहिरा, ओव्हन लावण्याआधी रोटी काढलीस ना?” ओयदिनबाईंनी विचारलं. नवरोजच्या साफसफाईसाठी सुनेनं ओव्हनचा मळ जाळायचं बटण तासाभरापूर्वीच दाबलं होतं. “मला वाटलं, तुम्हीच काढलीत, आई!” लेकानं रशियाला जाताना त्या रोटीचा एकच घास चावला होता, उरलेली परतल्यावर त्यानंच संपवायची, तोवर ती भिंतीला खिळ्यावर टांगायची, अशी त्यांच्याकडची रीत. पण त्या खिळ्याच्याच जागी नवा ओव्हन बसला, म्हणून ती ओव्हनच्या आत ठेवली होती. हिवाळ्यापासून लेकाचा फोन बंद होता. मोहिरानं मेन स्विच पाडून पुन्हा लावला, दार कुलूपबंदच. “थंड झाल्याशिवाय उघडत नाही, आई.” दोघी काचेकडे बघत बसल्या. संध्याकाळी खट्कन कुलूप सुटलं. आत मूठभर राख होती. ओयदिनबाई तिच्यात बोट फिरवून दातांची खूण शोधू लागल्या. मोहिरा पुटपुटली, “नवी रोटी आणते, आई.” “आण. पण पहिला घास घ्यायला तो कुठाय?”