समोरच्या काठाची सही

"चौथ्या खिडकीवर जा," असं कृषी कार्यालयाच्या तिसऱ्या खिडकीने सांगितलं तेव्हा म्हातारा भडकला.

"पहिलीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने तिसरीकडे. सूनबाई, चौथी आपल्याला घरी धाडते की नाही बघ."

"बाबा, इथवर आलोय, तर विचारू तरी," सून फाईल सावरत म्हणाली. ओढ्याकाठच्या पाणथळ पट्टीत दरवर्षी ट्रॅक्टर रुतायचा. तिथे चर खणून पाणी काढायला सरकार काही मदत देतं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

चौथ्या खिडकीवरच्या अधिकारी बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि फाईलमधल्या नकाशावर बोट ठेवलं. "चर खणायला मदत नाही. पण ही पट्टी तशीच सोडलीत, तर आहे. नांगर घालायचा नाही, गुरं सोडायची नाहीत. माती वाहून जात नाही, पाणी स्वच्छ राहतं. दहा वर्षांचा करार. रोपं नि कुंपण सरकारचं, वर दरवर्षी एकरी मदत."

"मग मी काय करायचं?"

"काहीच नाही."

"आणि काही न करण्यासाठी फॉर्म भरायचा?"

"तीन प्रतींत," बाई म्हणाल्या.

म्हातारा खो खो हसला. खिशातून पेन काढून त्याने पहिल्या पानावर सहीसुद्धा ठोकली. दुसरं पान उलटलं आणि त्याचा हात थांबला.

"दोन्ही काठ असल्याशिवाय ही योजना मिळत नाही," बाईंनी सांगितलं. "समोरच्या काठाच्या मालकाची सही लागेल. आज पाचपर्यंत. शेवटचा दिवस आहे."

म्हाताऱ्याने पेनाला टोपण लावलं. "चल, सूनबाई."

समोरचा काठ त्याच्या धाकट्या भावाचा होता. बारा वर्षांपूर्वीच्या पुरात ओढ्याने कूस बदलली, एकाची चार वाफ्यांची जागा दुसऱ्याच्या पदरात टाकली. त्या दिवसापासून भावाभावांत अबोला. घरच्या लग्नाच्या पत्रिकासुद्धा टपालाने गेल्या होत्या.

"मी विचारते काकांना," सून म्हणाली.

"तो सही करायचा नाही. ओळखतो मी त्याला. माझ्यासारखाच आहे."

"अहो, पण ते तर इथेच आहेत!" बाई खिडकीतून वाकून म्हणाल्या. "सकाळी दहापासून त्या बाकावर बसलेत. त्यांनाही हेच सांगितलं, समोरच्यांची सही आणा. आणतो म्हणाले, आणि बसूनच राहिले."

दाराजवळच्या बाकावर धाकटा बसला होता. गुडघ्यावर तोच फॉर्म, नजर समोरच्या भिंतीवर.

म्हातारा जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. त्यानेही नजर भिंतीवरच लावली.

"विचार त्याला," म्हातारा सुनेला म्हणाला, "सकाळपासून पोटात काही आहे का."

"सांग त्यांना," धाकटा म्हणाला, "भूक नाही."

सुनेने घड्याळाकडे पाहिलं. "पाऊण तास उरलाय. तुमचं तुम्ही बोला, मी चहा आणते."

ती तीन कप घेऊन परतली तेव्हा दोघं तावातावाने भांडत होते. अख्खं कार्यालय कान देऊन ऐकत होतं.

"पाणमांजराचा जोडा माझ्या काठावर राहतो!"

"राहतो तुझ्याकडे, दादा, पण मासे माझ्या डोहातले खातो! पिल्लं झालीत, ठाऊक तरी आहे का तुला?"

"किती?"

"तीन."

"मला दोनच दिसली," म्हातारा म्हणाला आणि सरकून जवळ बसला. "तिसरं कुठं असतं?"

सुनेने दोघांच्या मध्ये चहा ठेवला आणि चहाशेजारी फॉर्म. बोलता बोलताच त्यांनी एकमेकांच्या कागदांवर सह्या केल्या. पाचला दहा मिनिटं कमी असताना शिक्के पडले.

"गुरुवारी पाहणीला येते," बाई कागद आवरत म्हणाल्या. "कुणाच्या घरावरून येऊ?"

"माझ्या," दोघं एकदम म्हणाले.

म्हाताऱ्याने धाकट्याकडे पाहिलं. मग काठी उचलत म्हणाला, "याच्याच घरावरून या, बाई. मीही तिथेच असेन."