श्रद्धांजलीचा बोर्ड

आबा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी चौकातल्या खांबाला टेकवून श्रद्धांजलीचा डिजिटल बोर्ड लागला. नळाच्या पाण्यावरून आबा ज्यांच्याशी जन्मभर भांडले, ते नगरसेवक मधोमध हात जोडून उभे, भोवती त्यांचे कार्यकर्ते आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे आबा. लेकीला, स्वप्नालीला, ते बघवेना. बोर्ड उतरवायलाच ती चौकात गेली.

तिथं कोडोलीची एक भाजीवाली आजी नगरसेवकांच्या फोटोला झेंडूचा हार घालून डोळे पुसत होती.

"लई वंगाळ झालं बघ, पोरी. कसा धडधाकट दिसतोय बिचारा! तुझा कोण लागत हुता?"

दुपारी तो हार बघून नगरसेवकांची माणसं बोर्ड काढायला धावत आली, तर स्वप्नालीच आडवी आली.



"असू दे की! बारावं तरी होऊ दे."