निळा उजेड

मायाने खिडकीवर काळं कापड ओढलं आणि अतिनील किरणांचा दिवा लावला. टेबलावर दोन काचा होत्या. दोन्हींवर नुकताच सुकलेला पॉलिशचा थर निळा चमकायला लागला.

लालासाहेब हाताची घडी घालून मागे उभे होते. कुपवाडचा हा फर्निचर पॉलिशचा कारखाना त्यांचा. दाराशी अमृत होता, मिक्सिंगचा कामगार. पॉलिशमध्ये घालायच्या सॉल्वंटच्या, म्हणजे उग्र द्रावकाच्या, वासाने त्याला दम लागायचा. डॉक्टरांनी त्यापासून लांब राहायला सांगितल्यापासून तो घरीच होता. आज मायाने त्याला बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला होता.

सॉल्वंटशिवाय पॉलिश जमवायचं कारखान्याची केमिस्ट म्हणून मायाने अंगावर घेतलं होतं. दुधासारख्या त्या पॉलिशमध्ये डोळ्यांना न दिसणारे प्लॅस्टिकचे कण असतात. पाणी उडालं की ते एकमेकांत मिसळून एकजीव व्हावे लागतात. सॉल्वंट त्यांना मऊ करायचं. मायाने मुळात कणच मऊ बनवले. पहिल्या खेपेचा थर नितळ दिसला, लालासाहेब खूश झाले, आणि महिन्याभरात तो गिऱ्हाइकांच्या टेबलांवरून पापुद्र्यांनी सुटला. कण नुसते खेटून बसले होते, मिसळले नव्हते.

म्हणून या वेळी ती नुसत्या नितळपणावर विसंबली नाही. दोन्ही पॉलिशच्या अर्ध्या कणांत तिने निळं चमकणारं रसायन घातलं, अर्ध्यांत ती चमक गिळणारं. कण खरंच एकमेकांत शिरले, तर निळा उजेड कमी व्हायला हवा. डावी काच फसलेल्या पॉलिशची होती, उजवी आणखी मऊ कणांच्या नव्या पॉलिशची.

"न्हाई जमलं तर जुनंच सुरू करणार मी," लालासाहेब म्हणाले. "माल परत यायला लागला तर कारखाना कसा चालवायचा, तुमीच सांगा."

मायाने मान हलवली. त्यांचं काही चूक नव्हतं.

बराच वेळ दोन्ही काचा सारख्याच निळ्या होत्या. अंधारात अमृतच्या श्वासाची बारीक घरघर ऐकू येत होती. मायाने तिकडे पाहायचं टाळलं. मग उजवी काच जराशी मंद वाटली. डोळे थकले असतील म्हणून तिने उजेड मोजायचा मीटर पाहिला. आकडा उतरत होता. थांबला नाही, उतरतच गेला.

"मॅडम, ह्यो तर विझाय लागला," अमृत म्हणाला.

"विझला म्हणू नये रं. मालवला म्हण," लालासाहेब सवयीने बोलून गेले, आणि मग स्वतःच घाबरले. "म्हंजी, गेलं का सगळं?"

"नाही साहेब. मालवायलाच हवा होता. कण मिसळतायत."

ती खुर्चीत बसली. इतका वेळ आपण उभ्याच होतो, हे तिला तेव्हा कळलं.

डावी काच तशीच निळी राहिली. उजवीवर जेमतेम उजेड उरला. लालासाहेबांनी ती उचलली, थर नखाने खरवडून पाहिला, पुन्हा खरवडला. "सॉल्वंटची पिंपं आलीत ती परत धाडतो," एवढंच ते म्हणाले.

अमृत बाहेर गेला. खिडकीच्या कापडापलीकडून त्याचा फोनवरचा आवाज मायाला ऐकू आला. तो बायकोशी बोलत होता.

"अपेक्षा, उद्या सकाळी माझा डबा कर."

पलीकडून तिने काहीतरी विचारलं असावं.

"न्हाई गं, दवाखान्यात न्हाई. कामावर."