काळूदादांची फियाट

भातसानगरच्या धरणावरून रिटायर झालेल्या काळूदादांची जुनी फियाट सगळ्या किन्हवलीला ठाऊक होती. काच खाली, कोपर बाहेर आणि दिसेल त्याला "जय भीम, बरा हायस ना?" असं विचारत गाडी बैलगाडीच्या चालीनं जायची. एका मे महिन्यात त्यांना उन्हानं चक्कर आली, तेव्हा मुलगा रत्नदीपनं गाडी कल्याणला नेऊन तिच्यात एसी बसवून आणला.

मग काचा वर गेल्या. दुपारी लाइट गेली की काळूदादा नाक्यावरच्या चिंचेखाली गाडी लावायचे, एसी चालू ठेवून मागच्या सीटवर आडवे व्हायचे आणि लाइट आली की उठून घरी जायचे. गावाला त्याचं कौतुक होतं. शेजारी काकड्या विकणारी गोजाबाई गिऱ्हाइकांना दटावायची, "हळू बोला गो, दादा निजलेत."

त्या दिवशी लाइट आली, तरी दादा उठले नाहीत. कोणीतरी काच वाजवायला गेलं, तर गोजाबाईनं हात धरला. "लागलीय झोप तर लागू दे. म्हातारा माणूस हाय."

येणारेजाणारे काचेतून बघत होते आणि पाय न वाजवता पुढं जात होते. दिवेलागणीला पेट्रोल संपलं आणि आचके देत इंजिन बंद पडलं.



गोजाबाई लगबगीनं उठली आणि काचेवर टकटक करत म्हणाली, "दादा, उठा आता. आत गरम होईल तुमाला."