देवभाताची बेणणी

संपदाने दोन रोपं कमळीआजीच्या हातात दिली. एक पेरलेल्या भाताचं, दुसरं देवभाताचं, म्हणजे न पेरता शेतात आपोआप उगवणाऱ्या रानटी भाताचं.

"आजी, यातलं देवभात कुठलं?"

कमळी चिखलात वाकून बेणणी करत होती, भातातलं तण उपटत होती. ती सरळ झाली. पाती बोटांतून ओढून पाहिली आणि बुडाकडे न बघताच म्हणाली, "दोन्ही आपलंच हाय, बाय."

देवभाताचं बूड जांभळं असतं आणि लावलेल्या भाताचं हिरवं, हे तीन वर्षांपूर्वी याच बाईने संपदाला शिकवलं होतं.

फुलपाड्याहून कामणच्या या खाडीकाठच्या शेतावर संपदा तीन वर्षं येत होती. रानटी भात आणि शेतातलं भात एकमेकांत कसं मिसळतं, यावर तिची पीएच.डी. चालली होती. कमळीच्या शेतात देवभात पहिल्या वर्षी शेकडा चार निघालं, दुसऱ्या वर्षी अकरा, गेल्या वर्षी तेवीस. तिचे सर हरखून गेले होते. त्यांचं म्हणणं, संकर होऊन देवभाताने आपली जांभळी खूणच टाकलीय, म्हणून ते बेणणाऱ्याच्या नजरेतून सुटतंय. शुक्रवारी विद्यापीठात हेच मांडायचं होतं.

मोजणी संपदा लोंब्या आल्यावर, देवभाताच्या लांब कुसळांवरून करायची. तोवर बुडं कुजून काळपट झालेली असत. म्हणून खात्रीसाठी तिने इथल्या देवभाताचं बी घरच्या गॅलरीत कुंड्यांमध्ये पेरलं. साठ रोपं उगवली, साठही जांभळी. खूण होती तिथेच होती. मग ती रोपं उपटली का जात नव्हती? या एका प्रश्नाने चार दिवस तिचं कशात लक्ष लागत नव्हतं. सकाळी आईने भरलेला डबाही ती ओट्यावरच विसरून आली होती.

"कधीपासून दिसत नाही, आजी?"

कमळीने आधी उडवून लावलं. ऊन डोळ्यांवर येतं म्हणाली, पाण्याची चकाकी म्हणाली. मग पलीकडच्या बांधाकडे कानोसा घेतला. तिचा मुलगा हरेश्वर तिकडे कुणाशी तरी बोलत होता.

"दोन वरसं झाली. धुकं पडल्यावानी दिसतं. हरेश्वरला बोलू नको. गोदामवाले जमीन मागायला रोज येतात त्याच्याकडं. आई बेनते तोवर शेत ठेवतो, असं सांगून पाठवतो तो त्यांना."

मोतीबिंदू असेल, तो काढता येतो, असं संपदा म्हणाली. आपण स्वतः घेऊन जाऊ म्हणाली. कमळीने मान हलवली. भात कापून झालं की बघू, पण आता नाही. आता बेणणी टाकून घरी बसली, तर पुढच्या पावसाळ्यात शेतच नसेल.

तेवढ्यात संपदाचा मोबाईल वाजला. सर होते. शुक्रवारचे तक्ते तयार झाले का, विचारत होते. ती बांधावरूनच थोडं लांब गेली.

"सर, या शेताचे आकडे वापरता येणार नाहीत," ती म्हणाली. "खूण गेलेली नाही. बेणणी सगळ्या वर्षी सारखी झाली नाही, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही."

सारखी का नाही झाली, असं सरांनी विचारलं. त्याची नोंद नाही, असं तिने सांगितलं. तीन वर्षांनंतर हे सांगतेस, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संपदाने चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरून कमळीच्या उजव्या हाताला वाकली. जांभळं बूड दिसलं की उपटायचं. पहिली दोन-चार रोपं तिच्या हातून तुटलीच, मुळं आतच राहिली. तसं नाही, बुडाशी धरून पिळायचं, असं कमळीने सांगितलं. हळूहळू जमू लागलं. कमळी एकेक संशयाचं रोप वाकवून धरायची, संपदा बघून सांगायची आणि कमळीचा हात ते उपटून किंवा सोडून पुढे सरकायचा. बांधावरून हरेश्वरने आज बाईसुद्धा कामाला लागल्या का, म्हणून विचारलं. शिकतेय, असं संपदा म्हणाली.

अर्धं शेत झालं असेल. कमळीने एक रोप मुळासकट काढून पुढे केलं.

"ह्यो?"

संपदाने बूड पाण्यात धुतलं. उजेडाकडे धरलं, फिरवून पुन्हा धरलं. ते हिरवं नव्हतं, जांभळंही नव्हतं. पातं लावलेल्या भाताचं होतं, पेरं रानटी. कमळी तिच्या तोंडाकडे बघत थांबली होती.

"मलाही कळत नाही, आजी."

कमळी हसली. तिने रोप परत घेतलं, होतं त्याच जागी रोवलं आणि अंगठ्याने चिखल दाबला.