जंगलातल्या बालवाडीला बाई हवी

"पुढची!" रोस्विता ओरडली आणि गार झालेली कॉफी तिने एका घोटात संपवली.

सकाळपासून तिचं डोकं उठलं होतं. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग भागातल्या त्या आडगावात, जंगलात भरणाऱ्या तिच्या बालवाडीला आणखी एक बाई हवी होती. आज नेमणूक झाली नाही, तर जिल्हा कार्यालय स्वतःचं माणूस पाठवणार होतं. आणि येणारी प्रत्येक जण तीच पोपटपंची करत होती. मला झाडं आवडतात, मला पक्षी आवडतात. अरे, झाडं कुणाला आवडत नाहीत?

"सांभाळून हां, रोस्विताबाई," सरपंच डेटलेफने दारातून डोकं आत घातलं. "ती शेतं घेऊन राहिलेली मंडळी. सेंद्रिय गाजरं काय पिकवतात, जंगल वाचवायला सह्या काय गोळा करतात, आणि घरी पोरांपुढे हिटलरचे गोडवे! बालवाडीत शिरायचंय त्यांना."

"किती वेळा तेच सांगाल? मी काय दूधखुळी आहे?"

"छे! तुम्ही आहात म्हणून तर गाव निर्धास्त आहे," असं म्हणत तो गेला.

आल्मुट नावाची तरुणी आत आली. तिला भूछत्रं ओळखता येत होती, पाव भाजता येत होता, प्लास्टिकची खेळणी नको होती.

"सीरियाहून आलेली मुलंही आहेत आमच्यात. चालतील?"

"मुलं ती मुलंच की."

पुन्हा घोकलेलं उत्तर! रोस्विताने कपाळावर हात मारला. आतून कोण कसं आहे, हे माणसाने ओळखायचं तरी कसं?

"रुजू कधी होशील?" तिने कंटाळून विचारलं.

"ब्राखेटमध्ये," आल्मुट सहज बोलून गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... जूनमध्ये."

महिन्यांची रोमन नावं परकी म्हणून टाकून जुनी जर्मन नावं कुठल्या घरांत घेतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

रोस्विता उठली. तिने दार लावून आतून कडी घातली.

"मी... मी निघते," आल्मुट पिशवी उचलत पुटपुटली.

"बस खाली."

रोस्विता तिच्या शेजारी येऊन बसली. तिने आल्मुटचा हात हातात घेतला. सकाळपासूनचा वैताग कुठल्या कुठे पळाला होता.

"चारचौघांत जूनच म्हणायचं, पोरी. माझ्याही जिभेला वळण लागायला फार वर्षं गेली."