माळ्यावरची वाटी

"एवढंसं लोणी? परत पाठवेल हो तो," थोराआत्या चुलीपाशी बसल्या बसल्या पुटपुटली.

लिसबेथने दुधात शिजलेल्या भातावर लोण्याचा आणखी एक गोळा ठेवला, दालचिनी भुरभुरली आणि कडेला चमचा खोचला. ही वाटी निस्सेची. लाल टोपीचा हा बुटका गोठ्याच्या माळ्यावर राहतो, गुरांची राखण करतो आणि नाताळच्या संध्याकाळी भातावर लोणी दिसलं नाही की रुसून बसतो. नेब्रास्काच्या या भागातल्या डॅनिश घरांतलं शेंबडं पोरही हे जाणतं. बाकीच्या घरांत निस्सेला चमचा देत नाहीत. या क्रोग घराण्यात देतात. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

"आत्या, तुझ्या निस्सेचे नखरे फार," भट्टीतल्या बदकावरची नजर न काढता लिसबेथचा भाऊ नील्स म्हणाला. मग तोच वाटी उचलून माळ्यावर ठेवून आला.

लिसबेथने दुसरी वाटी भरली आणि ती घेऊन जिना चढली. वरच्या खोलीत तिची मुलगी होती, बिर्गिट. इस्पितळातून घरी येऊन तिला पुरता महिनाही झाला नव्हता, आणि आल्यापासून ती खोलीबाहेर फारशी पडलीच नव्हती. घरात याला 'दमलीय' म्हणत. शेजारी तेच सांगितलं होतं, चर्चमध्येही तेच. नील्सची बायको तर हा शब्द इतक्या मायेने उच्चारायची, की ऐकणाऱ्याला आपणही थोडे दमलोय असं वाटायला लागावं.

दमलेलं आणखी एक माणूस या घराण्यात होऊन गेलं होतं. लिसबेथचे पणजोबा, रास्मुस. डेन्मार्कमधल्या जटलंडच्या किनाऱ्यावरचा हा कोळी समुद्र सोडून इथे मका पेरायला आला. काही वर्षांनी त्याला मक्याच्या मुळांखालून लाटा ऐकू येऊ लागल्या. त्या शोधायला तो खड्डे खणू लागला, आधी स्वतःच्या शेतात, मग शेजाऱ्यांच्या. एका वसंतात शेरीफ येऊन त्याला घेऊन गेला. पण घरात सांगत ते वेगळंच. रास्मुस पश्चिमेला जमीन बघायला गेला आणि तिकडेच हरवला, म्हणे. चर्चच्या आवारात पणजीशेजारी त्याच्या नावाचा दगड होता. त्याच्याखाली कुणी नाही, असंही सांगत.

बिर्गिट आजारी पडली तशी लिसबेथ रास्मुसच्या मागे लागली. वेड्यांच्या इस्पितळापर्यंत माग लागला. पुढचं सगळं तिथल्या जुन्या आगीत जळून गेलं होतं. इस्पितळामागच्या उतारावर नुसते आकडे कोरलेले दगड होते, रांगाच्या रांगा. ती ऑक्टोबरभर त्यांच्यामधून हिंडली. यातलाच एखादा पणजोबांचा. माझ्या पोरीची वाटही इथेच येणार असेल तर? हे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

ती वाटी घेऊन खाली आली. भाताला चमचा लागला नव्हता.

"दमलीय पोर," नील्स बदकाला म्हणाला.

थोराआत्याने हात पुढे केला, वाटी मांडीवर घेतली आणि आत डोकावून पाहिलं.

"यात लोणीच नाही."

"आत्या, लोण्याचं काय घेऊन बसलीस आत्ता?"

"आजोबाही अशीच परत पाठवायचे. रास्मुस आजोबा."

लिसबेथ तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "तू त्यांना कुठे पाहिलंस?"

"कुठे म्हणजे? गोठ्याच्या माळ्यावर."

मग लोणी कापता कापता ती सांगत गेली. तिच्या वडिलांनी, हाताशी आल्याबरोबर पहिलं काम केलं ते हे, की घोडागाडी जोडून इस्पितळ गाठलं आणि बापाला घरी आणलं. घरातला माणसांचा गलका रास्मुसला सोसेना. तो आपण होऊन माळ्यावरच्या खोलीत गेला. तिथल्या दाराची कडी आतून आहे, छपरात शेगडीच्या नळीचं भोक आहे. लिसबेथने दोन्ही लहानपणापासून पाहिलं होतं, आणि बुटक्याला शेगडी कशाला, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. बऱ्या दिवसांत रास्मुस घोड्यांचे पट्टे शिवी. वाईट दिवसांत लाटा ऐकत पडून राही. रोजची वाटी नेऊन ठेवायचं काम छोट्या थोराचं. गावाला कळलं तर शेरीफ पुन्हा येईल, म्हणून थोराच्या बापाने सगळ्या पोरांना शपथ घातली होती. वाटी कुणाची असं कुणी विचारलं, तर निस्सेची म्हणायचं. शपथ घालणारा गेला, घेणारेही एकेक करून गेले. बुटका तेवढा उरला.

"आणि तो चर्चमधला दगड?" लिसबेथने विचारलं.

"त्याच्याखालीच आहेत ते. झोपेत गेले. आजीशेजारी ठेवले आम्ही, पहाटे, गाव उठायच्या आत."

लिसबेथने खुर्ची ओढून घेतली. आकड्यांचे ते सगळे दगड, रांगांच्या रांगा, तिच्या छातीवरून कुणीतरी उचलून नेत होतं. किती दिवसांनी तिला भूक लागली. पातेल्यातला भात तिने तसाच दोन घास खाल्ला.

नील्सने घसा खाकरला. "म्हणजे पणजोबा जरा... दमलेले होते म्हणायचे."

थोराआत्याने वाटी लिसबेथच्या हातात दिली. मधोमध लोण्याचा मोठा गोळा वितळत होता. मग जिन्याकडे तोंड करून, वरच्या खोलीपर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली,

"दमलेले कसले? वेडे होते. वेडे होते, आमचे होते, आणि लोणी कमी पडलं की वाटी परत पाठवायचे."